स्विच २ : सहा आठवड्यांच्या वापरानंतरची निरीक्षणे आणि एक कौटुंबिक प्रश्न

निशिकासाईकर | २० जुलै २०२५

निन्टेंडोचा ‘स्विच २’ हा गेम खेळण्याचा कन्सोल ५ जून रोजी बाजारात आला आणि त्याच दिवशी संध्याकाळी तो आमच्या घरी पोहोचला. याचे सगळे श्रेय पत्नीच्या चिकाटीला आहे, कारण इथे जपानमध्ये दुकानात जाऊन खोके उचलण्याची सोयच नव्हती. जिकडेतिकडे सोडत होती. निन्टेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या सोडतीसाठी एकट्या जपानमधून सुमारे २२ लाख अर्ज आले होते. अर्ज करायलासुद्धा जुन्या स्विचवर फेब्रुवारीअखेरपर्यंत किमान ५० तास खेळल्याची नोंद आणि ऑनलाइन सेवेचे एकूण वर्षभराचे सभासदत्व अशा अटी होत्या. माझ्या खात्यावर मोजून ३१ तास भरले. मुलांच्या खात्यांवर शेकड्यांनी तास पडून होते, पण त्यांचा मला काडीचाही उपयोग नव्हता. शेवटी पत्नीने एका दुकानाच्या सोडतीत नाव घातले आणि तिथे नंबर लागला.

पहिल्याच आठवड्यात लिहिण्याचा मोह झाला होता, परंतु नवलाईच्या भरात मांडलेले मत महिन्याभराने स्वतःलाच पटेनासे होते, म्हणून थांबलो. उद्या समुद्रदिनाची सुट्टी आहे, तेव्हा आज सवडीने लिहितो.

कन्सोलची जाडी जुन्याइतकीच, म्हणजे १३.९ मिलिमीटर आहे, मात्र स्क्रीन ६.२ इंचांवरून ७.९ इंचांवर गेली आहे आणि दोन्ही जॉय-कॉन (दोन्ही कडांना लागणारे सुटे कंट्रोलर) लावल्यावर वजन ५३४ ग्रॅम भरते. मोठ्या माणसाला हे वजन जाणवत नाही. आमचा सात वर्षांचा मुलगा मात्र पलंगावर उताणा पडून खेळायला सुरुवात करतो, दहा-पंधरा मिनिटांत कुशीवर वळतो आणि कन्सोल उशीला टेकवतो. जुन्या स्विचच्या वेळी ही उशी लागत नसे. जॉय-कॉन पूर्वी खाचेतून वरून खाली सरकवावे लागत, आता ते नुसते कडेशी नेले की लोहचुंबकाने टक् आवाज करून बसतात आणि काढताना मागचे बटण दाबावे लागते. पहिल्या दिवशी गेमपेक्षा हा टक् आवाजच आम्ही जास्त ऐकला.

आता मुख्य मुद्दा. सहा आठवड्यांत आमच्या घरी हा कन्सोल सर्वाधिक कशासाठी वापरला गेला असेल, तर जुन्याच गेमसाठी. मुलीचा ‘पोकेमॉन स्कार्लेट’ हा नोव्हेंबर २०२२ मधला गेम. जुन्या स्विचवर त्याची अवस्था अशी होती की दूरवरची पवनचक्की घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखी थबकत थबकत फिरायची. नव्या कन्सोलसाठी त्याला विनामूल्य अपडेट मिळाले आहे आणि आता शहराच्या गजबजलेल्या चौकातून धावतानाही चित्र सेकंदाला ६० फ्रेमच्या गतीने सलग सरकते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या झेल्डा मालिकेतल्या २०१७ च्या गेमचेही तसेच आहे. कोरोकांच्या जंगलात शिरले की जुना स्विच धाप लागल्यासारखा वागत असे, हे खेळलेल्या प्रत्येकाला आठवत असेल; आठ वर्षांनी मी त्या जंगलात पुन्हा गेलो आणि केवळ इकडून तिकडे चालत राहिलो. त्या सुधारणेसाठी मात्र १,००० येन मोजावे लागतात किंवा ऑनलाइन सेवेचे वरच्या दर्जाचे सभासदत्व असावे लागते.

उलट ज्या गेमसाठी कन्सोल विकला जात आहे, त्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ने माझी थोडी निराशा केली. सगळे ट्रॅक एकाच सलग प्रदेशात वसवले आहेत आणि शर्यत नसतानाही त्या प्रदेशात मोकळे भटकता येते, ही कल्पना ऐकायला फार मोठी वाटते. प्रत्यक्षात भटकताना निळी बटणे दाबून छोटी आव्हाने पुरी करणे आणि पदके गोळा करणे यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. कपच्या शर्यतीतही पहिला ट्रॅक सोडला तर पुढच्या ट्रॅकपर्यंत रस्त्याने जाण्यातच बहुतेक शर्यत संपते आणि खुद्द नव्या ट्रॅकवर जेमतेम एक फेरी वाट्याला येते. ‘डाँकी काँग बनान्झा’ हा नवा गेम परवाच, १७ तारखेला आला आहे, त्याबद्दल एवढ्यात बोलत नाही.

माझे प्रश्न दोन. ज्यांच्याकडे जुन्या गेमचा साठा नाही, त्यांनी हा कन्सोल आज का घ्यावा? आणि दुसरा प्रश्न घरगुती आहे: पुण्याच्या मेहुण्यांनी भाच्यासाठी इथून एक कन्सोल आणायला सांगितले आहे, त्यांना काय सांगावे?

हडसनकाठ | २१ जुलै २०२५

उत्तम निरीक्षणे, परंतु मारिओ कार्टवर आपण अन्याय केला आहे असे मला नम्रपणे सुचवायचे आहे. आपण कपच्या शर्यती आणि भटकंती यांवरून मत बनवले आणि ‘नॉकआउट टूर’चा उल्लेखही केला नाही. माझ्या मते तो रस्त्यांनी जोडलेला प्रदेश मुळात याच प्रकारासाठी तयार केला असावा.

ज्यांनी खेळलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. २४ जण एकत्र सुटतात आणि सहा टप्प्यांची एकच लांबलचक शर्यत सुरू होते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मागचे चार जण बाद होतात, म्हणजे २४ चे २०, मग १६, १२, ८ आणि अखेरीस चौघांत निकाल. मागच्या ‘मारिओ कार्ट ८’मध्ये १२ स्पर्धक असत आणि तिसऱ्या फेरीत आपण नवव्या क्रमांकावर असलो की शर्यतीतला रस संपलेला असे. इथे सोळावा आणि सतरावा यांच्यातली झटापट पहिल्या-दुसऱ्यापेक्षा जास्त चुरशीची होते. शनिवारी आमच्या जर्सी सिटीतल्या घरी चार कुटुंबे जमली होती. ज्या काकूंनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नव्हता, त्या आठव्या क्रमांकाने तिसरा टप्पा ओलांडून गेल्या आणि चौथ्या टप्प्यात बाद झाल्यावर चहा ठेवायला उठल्याच नाहीत, तिथेच उभ्या राहून दुसऱ्यांना सूचना देऊ लागल्या. त्यांनी निवडलेली स्पर्धक गाय होती. होय, या गेममध्ये गाईला गाडीवर बसवून शर्यतीत उतरवता येते.

किमतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. अमेरिकेत सध्या (जुलै २०२५) नुसता कन्सोल ४४९.९९ डॉलरला आणि मारिओ कार्टसह ४९९.९९ डॉलरला मिळतो. तोच गेम सुटा घेतला तर ७९.९९ डॉलर. म्हणजे जोडीने घेणाऱ्याला गेम पन्नासात पडतो आणि नंतर घेणाऱ्याला ऐंशीत. ‘बनान्झा’ ६९.९९ डॉलरला आहे. एका गेमला सत्तर-ऐंशी डॉलर पडू लागले की माणूस नवा प्रयोग करायला कचरतो आणि ओळखीच्याच नावाकडे वळतो. आयात शुल्काच्या गोंधळामुळे इथली आगाऊ नोंदणीही ९ एप्रिलवरून २४ एप्रिलवर गेली होती आणि तेव्हा कन्सोलचीही किंमत वाढणार अशी धास्ती होती, ती सुदैवाने खरी ठरली नाही.

दुपारचीझोप | २१ जुलै २०२५

मी बंगळुरूला असतो आणि माझ्याकडे २०२१ चा ओलेड स्क्रीनचा स्विच आहे. भावाने सिंगापूरहून स्विच २ आणला, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची संधी मिळाली.

स्क्रीनच्या बाबतीत निन्टेंडोने एक पाऊल पुढे आणि एक मागे टाकले आहे. १०८० रेषांची स्पष्टता, सेकंदाला १२० वेळा ताजे होणारे चित्र आणि मोठा आकार या जमेच्या बाजू. परंतु ही पुन्हा एलसीडी स्क्रीन आहे. रात्री दिवा मालवून ‘मेट्रॉइड ड्रेड’ लावला तर ओलेडवर काळोख खरोखर काळा दिसतो आणि इथे तो राखाडी दिसतो. वेगाने कॅमेरा फिरवला की कडांमागे किंचित सावली रेंगाळते. टीव्हीला जोडून खेळणाऱ्यांना याच्याशी काहीच देणेघेणे नाही. मी मात्र नव्वद टक्के वेळ हातात धरून खेळतो.

बॅटरी ५,२२० मिलिअँपिअर-तासांची असून कंपनीनेच दोन ते साडेसहा तास असा अंदाज दिलेला आहे. भारी गेमला यातला ‘दोन’ खरा आणि हलक्या गेमला ‘साडेसहा’ खरा, एवढेच त्याचे तात्पर्य.

आणखी एक शंका. हातात धरून जुने गेम खेळताना मला चित्र धूसर वाटते. हा माझ्या डोळ्यांचा दोष आहे की इतरांनाही तसे वाटते?

सातवा_मजला | २२ जुलै २०२५

डोळ्यांचा दोष नाही. जुने गेम हातातल्या स्क्रीनवर कमाल ७२० रेषांचे चित्र काढत, कारण जुनी स्क्रीन तेवढीच होती. नवी स्क्रीन १०८० रेषांची आहे, म्हणजे बरोबर दीडपट. दुप्पट असती तर चित्राचा प्रत्येक ठिपका दोन-दोन ठिपक्यांत नेमका बसवता आला असता. दीडपटीत एका ठिपक्याचे दीड ठिपके करावे लागतात आणि अर्धा ठिपका अस्तित्वातच नसल्याने शेजारच्या रंगांची सरमिसळ करून वेळ मारून न्यावी लागते. तीच सरमिसळ आपल्याला धूसर दिसते. ज्या गेमना नव्या कन्सोलचे अपडेट मिळाले आहे, त्यांत ही अडचण राहत नाही.

जुने गेम चालतात कसे, याबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण अनेकांचा समज आहे की स्विच २ च्या पोटात जुना स्विच बसवलेला आहे. तसे नाही. दोन्ही कन्सोलच्या चिप एनव्हिडियाच्याच असल्या तरी ग्राफिक्सचा भाग निराळ्या पिढीचा आहे, आणि कार्ट्रिजमध्ये (गेम साठवलेल्या छोट्या कार्डात) जुन्या चिपच्या भाषेत आधीच तयार करून ठेवलेल्या सूचना नव्या चिपला थेट समजत नाहीत. जुन्या यंत्राची संपूर्ण नक्कल सॉफ्टवेअरमध्ये उभी केली असती, तर नव्या यंत्राला सतत पूर्ण ताकदीने राबावे लागले असते आणि बॅटरी झटपट संपली असती. म्हणून या दोहोंच्या मधला मार्ग काढला, असे निन्टेंडोच्या अभियंत्यांनी कंपनीच्याच मुलाखतीत सांगितले आहे: गेम चालू असतानाच त्याच्या सूचनांचे नव्या चिपसाठी भाषांतर होत राहते. दुभाषा बाजूला बसवून संभाषण चालावे, तसा हा प्रकार आहे.

यावरून एक ठोकताळा निघतो. ज्या गेमची गती मुळातच ३० फ्रेमवर बांधलेली आहे, तो अपडेटशिवाय ३० वरच राहील, फक्त त्याचे अडखळणे थांबेल. ज्याची गती ६० ठरवलेली होती पण जुन्या यंत्राला झेपत नव्हती, किंवा जो ताण आला की चित्राची स्पष्टता उतरवत असे, तो काहीही न करता सुधारेल. धागाकर्त्यांना आलेला अनुभव अपडेट मिळालेल्या गेमचा आहे. सगळ्या जुन्या गेमकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

नव्या कन्सोलवर आलेल्या गेमपैकी तांत्रिकदृष्ट्या मला सर्वांत रंजक वाटला तो ‘सायबरपंक २०७७’. त्यात सेकंदाला ४० फ्रेमचा एक पर्याय आहे. हा विचित्र आकडा का, असे वाटेल. साध्या स्क्रीनवर सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे होते आणि ६० ला ४० ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही फ्रेम जास्त वेळ थांबतात आणि काही कमी. १२० ला मात्र ४० ने नेमका तिनाचा भाग जातो. प्रत्येक फ्रेम तीन वेळा दाखवली की हिशेब चुकता. टीव्हीवर हा लाभ घ्यायचा तर टीव्हीही १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे करणारा हवा. स्क्रीनने आपली गती गेमच्या गतीशी जुळवून घेण्याची सोय आहे, पण ती फक्त हातातल्या स्क्रीनवर, टीव्हीवर नाही.

पर्वतीपायथा | २२ जुलै २०२५

पुण्याहून लिहितो. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही, त्यामुळे इथे जो स्विच २ मिळतो तो कोणीतरी दुबई, सिंगापूर किंवा हाँगकाँगहून आणलेला असतो. किंमत विक्रेत्याच्या मर्जीवर, आणि वॉरंटी म्हणजे विक्रेत्याचा शब्द. मी जूनअखेर घेतला. खोक्याचे सील आधीच फुटलेले होते. विचारले तेव्हा ‘कस्टमवाल्यांनी उघडले’ असे ठरलेले उत्तर मिळाले. आत सगळे जागच्या जागी होते, म्हणून गप्प बसलो. अडॅप्टरला दोन सपाट पट्ट्यांचा प्लग होता, त्यासाठी लक्ष्मी रोडवरून छोटा कन्व्हर्टर आणावा लागला.

माझा आक्षेप ‘गेम-की कार्ड’ या प्रकाराला आहे. कार्ट्रिज विकत घ्यावे, घरी येऊन उघडावे आणि कळावे की त्यात गेम नाहीच, फक्त गेम डाउनलोड करण्याची किल्ली आहे! ‘स्ट्रीट फायटर ६’ असा आहे, ‘याकुझा झीरो’ असा आहे. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात इंटरनेट दर दोन दिवसांनी रुसते. इतके मोठे डाउनलोड तीन वेळा मधेच थांबून चौथ्यांदा पुरे झाले. शिवाय कन्सोलची आतली जागा २५६ जीबी, ती अशा चार-पाच गेमनी भरून जाते. मग मेमरी कार्ड घ्यावे म्हटले तर जुने मायक्रोएसडी चालत नाही, ‘एक्स्प्रेस’ प्रकारचेच लागते. एका दुकानदाराने ‘सगळे सारखेच असते हो’ म्हणून साधे कार्ड गळ्यात मारले. कन्सोलने त्यावरून जुने फोटो आणि चित्रफिती तेवढ्या वाचल्या, गेम ठेवायला साफ नकार दिला.

अबोली७ | २३ जुलै २०२५

@पर्वतीपायथा, गेम-की कार्डाबद्दलचा आपला राग समजू शकते, पण एक दुरुस्ती सुचवते. ते कार्ड कोणत्याही खात्याशी बांधलेले नसते. डाउनलोड झाल्यावर इंटरनेट फक्त पहिल्यांदा गेम सुरू करताना लागते, पुढे कार्ड खाचेत असले की पुरते. गेम खेळून झाला की ते कार्ड आपण विकू शकता किंवा मित्राला देऊ शकता. पूर्वी काही कंपन्या रिकाम्या डबीत नुसता कोडचा कागद घालून विकत, तो एकदा वापरला की संपला. त्या मानाने हे बरे. ‘सायबरपंक’ मात्र ६४ जीबीच्या कार्ट्रिजवर संपूर्ण दिलेला आहे, म्हणजे ज्यांना द्यायचा असतो ते देतात, हेही खरे.

मी म्युनिकला राहते आणि माझा अनुभव पालक म्हणून आहे. उजव्या जॉय-कॉनवर ‘सी’ नावाचे नवे बटण आहे. ते दाबून मित्रांशी बोलत खेळता येते, एका वेळी बारा जणांपर्यंत. ही सेवा सभासदत्वाशिवाय वापरण्याची मुदत फक्त मार्च २०२६ अखेरपर्यंत. सोळा वर्षांखालील मुलांसाठी पालकाने फोनवरच्या ॲपमधून परवानगी द्यावी लागते आणि मूल कोणाशी बोलू शकते हेही तिथेच ठरते. माझा बारा वर्षांचा मुलगा वर्गातल्या दोन मुलांशी बोलत खेळतो. मित्राच्या स्क्रीनचे चित्र कोपऱ्यात दिसते, तेही अडखळत अडखळत. मला ते पाहवत नाही, मुलांना त्याचे काहीही वाटत नाही. पंख्याचा आवाज सुरू असतानाही माइक मुलाचा आवाज नेमका टिपतो, याचे मात्र कौतुक वाटले.

माऊसबद्दल कोणीच लिहिले नाही. जॉय-कॉन कडेवर आडवा ठेवला की तो माऊससारखा चालतो. टेबल हवेच असे नाही, मी सोफ्यावर बसून मांडीवर फिरवते आणि चालतो. ‘सिव्हिलायझेशन ७’ मी अशाच पद्धतीने खेळते. तासाभराने मात्र मनगट बोलू लागते, कारण हा अरुंद तुकडा मुठीत धरण्यासाठी घडवलेला नाही.

तळ्यातमळ्यात | २३ जुलै २०२५

‘वेलकम टूर’ या गेमबद्दल माझी थोडी पोटदुखी नोंदवून ठेवतो. प्रचंड आकाराच्या स्विच २ वर आपण मुंगीएवढे होऊन फिरतो आणि आत काय काय बसवले आहे ते छोट्या प्रयोगांतून शिकतो. कल्पना खरोखर सुंदर आहे, चुंबकाची आणि कंपनांची माहिती मी आवडीने वाचली. पण हे माहितीपत्रक आहे आणि त्याचे ९.९९ डॉलर मागितले आहेत. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेचे पैसे पाहुण्याकडून घ्यावेत, तशातला हा प्रकार झाला.

जॉय-कॉनच्या अंगठ्याने फिरवायच्या दांड्यांत चुंबकीय संवेदक (घासून न झिजणारे) नाहीत, हे कंपनीनेच स्पष्ट केले आहे. मागच्या कन्सोलमध्ये दांडी आपोआप सरकण्याच्या दोषाने किती लोक त्रासले, हे सर्वश्रुत आहे. नव्या दांड्या टिकतील की नाही हे सहा आठवड्यांत ठरत नाही, पण बाजारात साडेचारशे डॉलरची वस्तू आणताना हा धोका मुळातूनच काढून टाकायला हवा होता, असे माझे मत आहे.

निशिकासाईकर | २६ जुलै २०२५

सर्वांचे आभार. @हडसनकाठ, आपल्या सांगण्यावरून आम्ही पाच दिवस मारिओ कार्टमध्ये फक्त नॉकआउट टूर खेळलो आणि माझे मत मी मागे घेतो. निदान अर्धे तरी घेतो. भटकंतीबद्दलचे मत तसेच आहे.

‘बनान्झा’ आता नऊ दिवस खेळून झाला, त्याबद्दल लिहितो. डाँकी काँग हा गोरिला जमिनीवर ठोसे मारतो आणि जमीन फुटते, ही त्यातली एकमेव कल्पना, आणि ती इतक्या सढळपणे वापरली आहे की मला थक्क व्हायला झाले. भिंत, डोंगर, गुहेचे छत, जवळजवळ सगळे खणता येते. मी रस्ता शोधत दहा मिनिटे एका कड्याभोवती फिरत होतो, तेव्हा मुलगा म्हणाला, ‘बाबा, रस्ता कशाला हवा?’ आणि त्याने कंट्रोलर घेऊन कड्यातून आरपार बोगदा काढला. ढिगारा फार झाला की क्वचित गती मंदावते, पण दुसऱ्या यंत्रावर हे जमले असते का, असा विचार पहिल्यांदा याच गेमने माझ्या मनात आणला. तेव्हा माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मलाच मिळाले: १७ जुलैपूर्वी जुना साठा नसलेल्याला मी थांबायला सांगितले असते, आता सांगणार नाही.

भाच्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जपानमध्ये सध्या (जुलै २०२५) ४९,९८० येनांना, म्हणजे साधारण एकोणतीस हजार रुपयांना मिळणारा कन्सोल फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपान हाच देश नोंदवलेले खाते लागते. मेहुण्यांनी हीच किंमत वाचून फोन केला होता. सर्व भाषांचा कन्सोल ६९,९८० येनांचा आहे, तो फक्त निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात मिळतो आणि तिथे पुन्हा माझे ३१ तास आडवे येतात.

पर्वतीपायथा | २६ जुलै २०२५

जपानी भाषेचा अजिबात आणू नका. भाषा बाजूला ठेवली तरी पैसे भरण्याची अडचण आहे. मार्च २०२५ पासून निन्टेंडोच्या जपानमधल्या ऑनलाइन दुकानात परदेशी क्रेडिट कार्ड चालत नाही. दर गेमला तुम्हाला तिथून प्रीपेड कार्डाचे आकडे कळवावे लागतील आणि भाचा वेळी-अवेळी मामाला फोन करील. भाच्याचे वय काय आहे आणि त्याच्याकडे आधीचा कोणता कन्सोल आहे?

निशिकासाईकर | २६ जुलै २०२५

वय नऊ. कन्सोल कोणताच नाही, वडिलांच्या फोनवर खेळतो.

अबोली७ | २७ जुलै २०२५

मग आपला जुना स्विच त्यालाच का देत नाही? त्याची भाषा बदलता येते आणि कोणत्याही देशाचे कार्ट्रिज त्यात चालते. शिवाय ‘गेमशेअर’मुळे दोन्ही कन्सोल एका खोलीत असले तर आपल्या नव्या कन्सोलवरचे काही गेम तो जुन्यावर तुमच्यासोबत खेळू शकेल. आमच्याकडे ‘सुपर मारिओ ओडिसी’ असाच चालतो. देण्यापूर्वी एवढे करा: डाउनलोड घेतलेल्या गेमची आभासी कार्डे जुन्या कन्सोलवरून काढून नव्यावर चढवा, खेळाची प्रगती नव्या कन्सोलवर आल्याची खात्री करा आणि मगच जुना कन्सोल मूळ स्थितीला न्या. क्रम उलटा झाला तर मुलगी आपल्याशी महिनाभर बोलणार नाही.

निशिकासाईकर | २७ जुलै २०२५

घरात हा प्रस्ताव मांडला आणि एकमताने मंजूर झाला. जुना स्विच आता दिवाळीत आमच्यासोबत पुण्याला जाईल. मेहुण्यांनाही कळवले, त्यांना आनंदापेक्षा एकोणतीस हजार वाचल्याचे समाधान जास्त झाले असावे.

सोबत कोणती कार्ट्रिज द्यायची यावर दुपारभर वाटाघाटी झाल्या. ‘मारिओ कार्ट ८’ द्यायला दोघेही लगेच तयार झाले, ‘ओडिसी’साठी मुलाने डोळ्यांत पाणी आणले पण शेवटी तो कबूल झाला. झेल्डा मीच देऊ केला होता, तेव्हा मुलीने मला आठवण करून दिली की आपण १,००० येन भरून सुधारणा घेतली असली तरी ती चालायला जुनेच कार्ट्रिज खाचेत असावे लागते. ते कार्ट्रिज तिने माझ्या हातातून घेतले आणि स्वतःच्या दप्तरात ठेवले.